टेटा बरी होत नाही!

“नाही गं, नाही जमत मला!” असं म्हणत टेटा आल्बिनाने वॉकर पुढे ढकलला आणि ती पुन्हा खुर्चीत कोसळली, तेव्हा जनेलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“अगं, मागच्या महिन्यात तू अंगणापर्यंत चालत गेली होतीस, टेटा! मग असं एकाएकी काय झालं?”

“म्हातारपण झालं. आणखी काय होणार?” टेटा डोळे मिटून म्हणाली.

टेटा म्हणजे त्यांच्या झेक बोलीत आत्या. जनेल आणि कर्ट या पोरक्या बहीण-भावांना या आत्यानेच वाढवलं होतं... स्वतः लग्न न करता, गाईंच्या धारा काढत! तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर तिला चालतं करण्याचं काम जनेलकडे आलं, तेव्हा देवानेच ही सेवा आपल्या पदरात घातली असं त्या भाबड्या जिवाला वाटलं. आणि आता सेवा अशी मातीमोल होत होती! अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं ते गाव केवढंसं, चर्चच्या पायऱ्यांवर बायका कुजबुजू लागल्या होत्या, “घरच्या माणसाला उभं करता येईना, ही दुसऱ्यांना काय उभं करणार?”

“आपण दुसरा व्यायाम करून बघू या का?” टेटाने एक डोळा किलकिला करून विचारलं.

“मला तो अधिकार नाही. मी फिजिओथेरपीतली नुसती असिस्टंट आहे.” जनेल वॉकर भिंतीशी सरकवत म्हणाली. “आराखडा थेरपिस्टचा, मी फक्त तो करून घ्यायचा. पेशंट सुधारत नसेल तर थेरपिस्टने स्वतः येऊन तपासायचं, असा इथला कायदा आहे.”

“मग बोलाव की त्याला!”

बोलाव म्हणे! आधीची थेरपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि तिचे सगळे पेशंट ज्याच्याकडे गेले होते तो थेरपिस्ट म्हणजे कर्ट. सख्खा धाकटा भाऊ... आणि चार वर्षं त्याच्याशी अबोला! निरोपसुद्धा ऑफिसातल्या मुलीमार्फत जात.

पूर्वी ती त्याच्याच दवाखान्यात काम करायची. एकदा एका शेतकऱ्याला तिने न विचारता वॉकरऐवजी काठी दिली. चूक तिचीच होती. हा निर्णय कर्टने घ्यायचा होता, पुढे त्याच्या लायसन्सवरही बेतलं असतं. पण कर्ट भरल्या दवाखान्यात ओरडला, “असिस्टंट आहेस, असिस्टंटसारखी राहा! शिकायचा कंटाळा केलास ना? मग आता डोकं चालवू नकोस!” त्या शब्दांनी तिचं काळीज चिरलं गेलं. तिने ॲप्रन काढून ठेवला आणि ती जी निघाली ती निघालीच. शिकायचा कंटाळा! त्यामागचं खरं काय ते फक्त तिला आणि टेटाला ठाऊक होतं...

अखेर टेटासाठी तिने अभिमान गिळला आणि फोन लावला.

“पेशंट सुधारत नाही. आपण येऊन तपासावं.”

“रविवारी येतो,” कर्ट म्हणाला. मग न राहवून, “फार त्रास होतोय का गं टेटाला?”

जनेलने ओठ चावला आणि फोन ठेवला.

रविवारी चर्चहून आल्यावर ती घरात न शिरता त्याची वाट बघत अंगणाच्या फाटकापाशीच थांबली. चर्च आटोपून कर्ट आला. कानशिलं पांढरी झालेली, हातात बॅग, पण नजर लहानपणी खिडकीची काच फोडून आल्यासारखी!

“आराखड्यात काही बदल केला होतास?”

“नाही. असिस्टंट आहे ना मी.”

त्याने मान खाली घातली. दोघं आत गेली... आणि जागच्या जागी थिजली. खुर्ची रिकामी! वॉकर एकटाच भिंतीशी उभा!

“टेटा!” जनेलने किंकाळी फोडली. कुठे पडली? न्हाणीघरात? जिन्यात?

इतक्यात स्वयंपाकघरातून भाजलेल्या जर्दाळूंचा गोड वास आला, रेडिओवरची रविवारची पोल्का नाचाची धून ऐकू आली, आणि त्या तालावर कुणीतरी टाच आपटत होतं! दोघं धावली. टेटा आल्बिना कोलाचीचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, गरमागरम ट्रे भट्टीतून काढून, ठेका धरत, ऐटीत टेबलाकडे निघाली होती.

“आलात? बसा. गरम आहेत तोवर खा.”

“टेटा!” जनेल रडू लागली, ओरडू लागली. “मी रात्र रात्र तळमळले! माझंच काही चुकतंय म्हणून चर्चमध्ये गुडघे टेकले! आणि तू... तू नाटक करत होतीस?”

“केलं नाटक!” टेटाने ट्रे आपटला. “मी ठणठणीत झाले असते, तर ही घरात असताना हा इकडे फिरकला असता? तुमच्या त्या रुक्ष कायद्यात मला एवढं एकच कलम आवडलं. पेशंट रखडला की वरच्या साहेबाने घरी यायचं! मग रखडले! माझ्या पोरी, रडवलं तुला, त्याची माफी माग म्हणशील तर मागते. पण आधी यालाही ऐकू दे.”

“नको, टेटा!”

“गप्प! कर्ट, थेरपिस्टच्या कॉलेजात त्या वर्षी तुला प्रवेश मिळाला, तसा हिलाही मिळाला होता. मी तेव्हा आजारी, गोठा कुणी बघायचा? तू जावंस म्हणून ही म्हणाली, मला पुस्तकांचा कंटाळा आहे. आणि मूर्खा, तुला ते खरं वाटलं!”

कर्टच्या हातातली बॅग गळून पडली. “जनेल... खरं हे?”

तिने हळूच होकारार्थी मान हलवली. तो धिप्पाड पुरुष बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

“काठीबद्दल मी रागावलो, ते कायद्यात होतं. पण चारचौघांत तुला तसं तोडून बोललो, ते कुठल्याही कायद्यात बसत नव्हतं, ताई!”

ताई! कॉलेजात गेल्यापासून तो तिला नावानेच हाक मारत होता. जनेलच्या अंतरीचा सारा सल त्या एका शब्दाने वितळला. “वेडा!” ती डोळे पुसत हसली. “चल, तपास तिला. नियम म्हणजे नियम.”

त्याने टेटाला चालवलं, वळवलं, एका पायावर उभं केलं. मग तो जनेलकडे वळला. “आता पुढचा आराखडा. काय करू या?”

“मला विचारतोस?”

“ठरवणार मी. पण तुला विचारल्याशिवाय नाही.”

“मग पोल्का,” जनेल म्हणाली. “एक फेरी. मी हात धरीन.”

“मंजूर! आणि कायद्याप्रमाणे असिस्टंटचं काम मी मधून मधून स्वतः येऊन बघायला हवं. दर रविवारी येतो.”

“दर रविवारी? एवढं कुठे लागतं रे कायद्याने?”

“कायदा कमीत कमी किती ते सांगतो,” कर्टने कोलाची तोंडात कोंबत म्हटलं. “जास्तीत जास्त किती, हे कुठे म्हणतो?”

टेटाने रेडिओ मोठा केला. जनेलने तिचा हात धरला, दोघी हळूहळू गिरकी घेऊ लागल्या, आणि कर्ट खुर्ची ओढून बसला... कायद्याप्रमाणे, नीट बघत, डोळ्यांतलं पाणी न पुसता.