गोधडीतली खिचडी

थंडगार गोधडीत खिचडी शिजेल का? आजोबा म्हणाले, शिजेल! चिंगी रोबोने त्यांच्या गोधडीला वरून बोट लावलं, तापमान मोजलं आणि मान हलवली. "वीस अंश. यात काही शिजणार नाही, ताई."

शाल्मली रडकुंडीला आली. तापामुळे आजोबा दोन दिवस धड जेवले नव्हते. आज कुठे त्यांना मुगाची खिचडी खावीशी वाटली, तर तोरणमाळच्या पठारावर ढगांनी ठाण मांडलेलं! त्यांच्या फिरत्या घराच्या, म्हणजे 'गोगलगाय' गाडीच्या छतावरची सौरपटलं (उन्हापासून वीज बनवणाऱ्या पाट्या) नुसती पडून होती. बॅटरीत थोडीच वीज उरली होती आणि आजोबांचं इन्शुलिन (मधुमेहाचं औषध) थंड ठेवणारा फ्रीज तिच्यावरच चालायचा. खिचडी शिजेपर्यंत शेगडी चालवली, तर फ्रीज बंद पडला असता.

"उकळी येईपर्यंतच शेगडी लाव," आजोबा अंथरुणातून म्हणाले. जन्मभर उष्णतेचा अभ्यास केलेला माणूस, तापातही गप्प बसेल तर शपथ! "पुढे वीज कशाला लागते, सांग बघू?"

"शिजवायला."

"अहं. शिजायला पातेलं गरम राहिलं की पुरे. पण उष्णता सारखी बाहेर पळते आणि पळाली तेवढी आपण शेगडीने भरत बसतो. पळूच दिली नाही तर? गोधडीच्या थरांत अडकलेली हवा उष्णतारोधक (उष्णतेची वाट अडवणारी) असते. घे ही माझी."

"आणि तुम्ही?"

"तुझा स्वेटर टाक की पायांवर."

उकळी येताच शाल्मलीने शेगडी बंद केली आणि पातेलं तान्ह्या बाळासारखं गुंडाळलं. चिंगी सारखी झाकण उघडायला धावायची आणि शाल्मली तिला हाकलायची. पण मनातून शाल्मलीचाही जीव टांगणीला लागला होता. पुन्हा उकळी आणण्याइतकी वीज आता नव्हती.

तासाभराने तिने झाकण काढलं. वाफ भसकन वर आली. आत मस्त आसट खिचडी! फ्रीजही चालूच होता.

"आजोबा, म्हणजे फ्रीजच्या भिंतींतही गोधडीच असणार! फक्त ती बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही."

"शाबास! अगदी बरोबर."

"मी मोठी झाले ना, की ढगांना न घाबरणारी गाडी बनवीन."

"बनव, बनव." आजोबांनी रिकामी वाटी पुढे केली. "पण आधी अजून वाढ."

ते ऐकून शाल्मलीला इतका आनंद झाला की ती तूप वाढायचंच विसरली.