पाच वाजताचं इंजेक्शन

"पाच वाजता डॉक्टर आमच्या कुत्र्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन घेऊन येणार, आणि आता चार वाजलेत," ती धापा टाकत म्हणाली. "तीन वर्षांत कुणावर साधं न गुरगुरलेलं कुत्रं काल माझ्या लेकीला का चावलं, तेवढं शोधून द्या."

कडेवरच्या दोन वर्षांच्या चिमणीच्या मनगटाला पट्टी होती. खासगी तपास करणाऱ्या अक्कांनी ती पाहिली आणि चपला पायात सरकवल्या. "अहो, वही घ्या."

अक्कांचे यजमान पंचवीस वर्षं त्यांची वही धरत होते. अंदाज मात्र स्वतःचेच करत, आणि ते हमखास चुकत.

तिच्या घरी पोचले तेव्हा ढब्बू कुत्र्याला गॅलरीत बांधलं होतं. काचेतून तो एकीकडे मान कलती करून बघत होता.

"लबाड दिसतंय," यजमान पुटपुटले.

"माजलाय मेला!" तिच्या सासूबाई कडाडल्या. "आठवडाभर हाक मारा, ढिम्म हलत नाही. काल चिमणीनं डावीकडून जाऊन नुसतं कुरवाळलं, तर उलटला."

"सासूबाईंनीच छळलं असणार," यजमान कुजबुजले. "दोरी बघा किती आवळलीय."

"दोरी कालची आहे. तक्रार आठवड्याची," अक्का म्हणाल्या.

टेबलावर तिच्या नवऱ्याने सही केलेला इंजेक्शनच्या संमतीचा कागद होता. त्याच्याकडे बघून तिचं डोकं पुन्हा तापलं.

"सारखा मान झटकतो, गालिच्याला डोकं घासतो," नवरा म्हणाला. "ओरडून थकलो मी. माझ्या पोरीचा प्रश्न आहे."

"आणि माझी ती कुणीच नाही?"

"हे मान झटकणं बाहेर कुणाला सांगितलंत?" अक्कांनी मध्येच विचारलं.

"कुणाला सांगणार?" नवरा म्हणाला. "ढब्बूला आंघोळ घालायला येतो त्या आंघोळवाल्याला आज इंजेक्शनच्या वेळी धरायला बोलावलंय. पण त्याला फक्त 'चावला' एवढंच बोललो."

"शेवटची आंघोळ?"

"गेल्या रविवारी. इथेच," ती म्हणाली. "नंतर बाथरूम मी साफ केलं. केस निघाले, आणि कापसाचा एक ओला बोळा."

"एकच?"

"एकच."

तेवढ्यात आंघोळवाला आला. गॅलरीकडे न बघताच त्याने सुस्कारा सोडला. "वाईट वाटतं हो वहिनी. पण सारखी मान झटकायला लागलं की समजायचं, दुखणं डोक्यात गेलं. सोडवा बिचाऱ्याला."

"रविवारनंतर पाहिलंस त्याला?" अक्कांनी विचारलं.

"छे! आजच येतोय."

बेल वाजली. डॉक्टर आले.

"सुई राहू द्या डॉक्टर," अक्का म्हणाल्या. "आधी डावा कान बघा."

ढब्बूच्या तोंडाला जाळी बांधून तिने त्याला पोटाशी धरलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, चिमटा आत घातला. ढब्बू किंचाळला. चिमट्याला लागून आला काळा, कुजका बोळा. वासाने सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

"पू झालाय आत," डॉक्टर हळूच म्हणाले.

"आंघोळीआधी कानात पाणी जाऊ नये म्हणून दोन बोळे घालतात," अक्का म्हणाल्या. "बाथरूममध्ये सापडला एक. त्या दिवसापासून हा मान झटकतो, डोकं घासतो, हाका ऐकत नाही. चिमणी आली तीही बंद कानाच्या बाजूने. तिची चाहूल त्याला लागलीच नाही, आणि हात पडला नेमका ठणकत्या कानावर."

"म्हणजे विसरभोळेपणा," यजमानांनी वही मिटली.

"मिटू नका. आठ दिवस न पाहिलेलं कुत्रं मान झटकतं, हे याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. कानात काय राहिलंय, ते याला ठाऊक होतं."

आंघोळवाल्याने मान खाली घातली. "घरी गेल्यावर लक्षात आलं. या इमारतीतली आणखी अकरा कुत्री माझ्याकडे आहेत, वहिनी. बोभाटा झाला असता. चूक झाली."

"बोळा विसरलास ती चूक!" ती उसळून म्हणाली. "आज त्याला मारताना धरायला आलास, ते काय होतं? नीघ इथून. अकराही घरी जाऊन मी स्वतः हे सांगणार आहे."

तो गेला. नवऱ्याने चाचरत ढब्बूकडे हात नेला. तिने तो वाटेतच अडवला.

"आठ दिवस तो आपल्याला सांगत होता. तू ओरडलास, मी गालिचा उचलून ठेवला." तिने टेबलावरचा कागद त्याच्या हातात कोंबला. "आधी हा फाड. माझ्यासमोर."