धुतल्या तोंडाचा फोटो

काम साधं होतं. शिकागोहून गाडीत बसायचं, नदीकाठच्या हार्लन्स फेरी नावाच्या गावी उतरायचं, तिथल्या फोटोग्राफरकडून माझ्या धाकट्या भावाचा फोटो घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत यायचं. मी शाळेतून दोन दिवसांची रजा काढली. आईने उकडलेली अंडी आणि मक्याची भाकरी बांधून दिली, कारण नदी ओलांडली की गाडीत आमच्या काळ्या माणसांना जेवण मिळत नाही.

सायरसला जाऊन सहा आठवडे झाले होते.

त्याचं शेवटचं कार्ड, त्याच्या मृत्यूची तार आल्यावर तीन दिवसांनी आलं. आईला आता नीट दिसत नसे, म्हणून मी वाचून दाखवलं. ‘आई, आज सकाळी इथल्या डेल्फ नावाच्या आपल्याच माणसाकडे फोटो काढला. तोंड धुऊन. बैठकीत लाव. आणि लेमला दाखव.’

लेम म्हणजे मी.

‘तोंड धुऊन’ का लिहावं लागलं, ते सांगायला हवं. माझा भाऊ मिन्स्ट्रेल कंपनीत, म्हणजे काळ्यांची नक्कल करून गोऱ्यांना हसवणाऱ्या फिरत्या कंपनीत होता. पंधराव्या वर्षी घरातून पळाला तो औषधं विकणाऱ्यांच्या तंबूत गाण्यासाठी. चर्चमध्ये त्याचा आवाज ऐकून म्हाताऱ्या बायका डोळे पुसत. पण कंपनीला त्याचा आवाज नको होता. अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांपैकी टोकाची खुर्ची त्याला मिळाली, बैलाच्या बरगडीच्या चिपळ्या मिळाल्या आणि ‘झोपाळू सॅम’ हे नाव मिळालं. सॅम बसल्या जागी झोपायचा, खुर्चीवरून पडायचा, पण हातातल्या चिपळ्या वाजतच राहायच्या. यावर गोरी माणसं वीस वर्षं हसली. आणि जन्मतःच काळ्या असलेल्या माझ्या भावाला रोज दोनदा, जाळलेल्या बुचाची काजळी पाण्यात कालवून तोंडाला फासावी लागे. ओठांभोवती रुंद पांढरी पट्टी सोडायची. त्याशिवाय तो त्यांना पुरेसा काळा वाटत नसे.

त्याचे जेवढे फोटो होते, ते सगळे त्या तोंडाचे होते.

मी शिकलो, मास्तर झालो, आमच्या लोकांच्या साप्ताहिकात लिहू लागलो. सहा वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला. स्वतःचं तोंड विकणारे आपलेच लोक, असा तो विषय होता. झोपाळू सॅमचं नाव घेऊन लिहिला. सायरस घरी आला तेव्हा कात्रण त्याच्या खिशात होतं.

“झकास लिहितोस रे, लेम,” तो म्हणाला. “वाचता वाचता मलाच माझा राग आला. एक सांग. काजळी पुसून उभा राहिलो, तर येशील बघायला?”

“आधी पुस. मग बघू.”

त्याने पुसून पाहिली होती, हे मला नंतर कळलं. उत्तरेकडच्या एका वॉडव्हिल, म्हणजे नाचगाण्यांच्या थिएटरात तो धुतल्या तोंडाने, साध्या सुटात गायला. लोक हसले नाहीत, टाळ्याही वाजल्या नाहीत. पहिलं गाणं संपताच मॅनेजरने त्याला विंगेत ओढलं आणि काजळीचा डबा हातात दिला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही.

आईच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते, ईस्टरनंतर नजरेचा भरवसा नाही. “मला तो एकदा बघू दे,” ती म्हणत होती, “नाहीतर त्या पोस्टरवरचं तोंडच घेऊन मी अंधारात जाईन.” माझीही तीच गत होती. रात्री डोळे मिटून भावाचा चेहरा आठवायला जावं, तर समोर पांढरे रुंद ओठ येत.

मी डेल्फना लगेच पत्र लिहिलं होतं. फोटो आईसाठी हवा आहे, शिवाय साप्ताहिकातही छापायचा आहे. आमच्या छापखान्यात गडद चेहऱ्याचा नुसता डाग उमटतो, तेव्हा जरा उजळ काढावा, ही विनंती. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. ‘फोटो टपालाने पाठवण्यासारखा नाही. स्वतः या.’

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि भिंतीवरच्या पोस्टरवर सायरस दिसला. झोपाळू सॅम, आज दुपारी आणि रात्री. सहा आठवड्यांपूर्वी मेलेला माणूस.

डेल्फचं दुकान न्हाव्याच्या दुकानावर, माडीवर होतं.

“जपून, प्रोफेसर!” वरून आवाज आला. “तिसरी पायरी फक्त नवं गिऱ्हाईक आलं की मोडते.”

हिरम डेल्फ सत्तरीचे, वाळकेसे, बोटं औषधांनी तपकिरी झालेली. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि फोटोचं नावही काढलं नाही. तेवढ्यात रस्त्यावर बँड वाजू लागला. पावणेबारा झाले होते. फिरून पुन्हा या गावात आलेल्या कंपनीची मिरवणूक निघाली होती.

मी खिडकीशी गेलो. सगळ्यांत शेवटी तो येत होता. तोच कोट, तीच काजळी, तेच ओठ, हातात चिपळ्या. चालता चालता झोपत होता, पडत होता, उठत होता. दोन्ही फूटपाथ हसत होते.

“हा कोण?” मी विचारलं.

“नवा आहे. नाव कुणी विचारलेलं नाही. बूट मात्र तुमच्या भावाचेच.”

“लोकांना कळलं नाही?”

“काय कळायचं?” डेल्फनी खिडकी लावून घेतली. “तोंड तर तेच आहे. तोंड मालकाचं, प्रोफेसर. आतला माणूस बदलत राहतो.”

मग ते बसले, आणि काचेतून बाहेर बोट दाखवलं.

“तो समोरचा खांब दिसतो ना, तिथे तुमचे भाऊ पडले. त्या दिवशी गारांचा पाऊस होता आणि त्यांच्या अंगात दोन दिवसांचा ताप. सकाळी इथून फोटो काढून गेले, काजळी लावली आणि मिरवणुकीत निघाले. पडले, तर लोक हसले. सॅम रोजच पडतो ना! चिपळ्या वाजत होत्या. बँडने वळसा घातला आणि पुढे गेला. चिपळ्या थांबल्या, तेव्हा मला कळलं.”

“तारेत लिहिलं होतं की व्यवस्थित दफन केलं.”

“कंपनीची पुढच्या गावाची गाडी चारची होती. साडेतीनला पुरलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “मी गेलो होतो. गरम पाणी घेऊन, टॉवेल घेऊन. म्हटलं, पाच मिनिटं द्या, तोंड तरी धुतो. मालक म्हणाला, वेळ नाही. होते तसेच ठेवले… काजळीसकट.”

मी कपात पाहत राहिलो. त्या मालकाच्या अंगावर धावून जावं, असं वाटलं. इकडे असं करणाऱ्या आमच्या माणसाचं काय होतं, हे मला ठाऊक होतं, आणि तो मालक कशामुळे निर्धास्त झोपतो, हेही. मी कप बशीत ठेवला.

“फोटो द्या, मिस्टर डेल्फ.”

“देण्यासारखा नाही म्हणून तर बोलावलं. निगेटिव्हची काच आहे. छापली की…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “चला आत. मी सांगून तुम्हाला पटायचं नाही.”

आतली खोली कपाटाएवढी होती. त्यांनी दार लावलं, फटीला काळं कापड लावलं. बाहेर भर दुपार होती; आत लाल काचेच्या एका कंदिलापुरता उजेड. आंबट औषधांचा वास नाकात बसला. त्यांनी काच काढली, कागदावर ठेवली, क्षणभर उजेड दाखवला, आणि कोरा कागद ताटातल्या औषधात सरकवला.

“बघा,” ते हलकेच म्हणाले.

आधी टायची गाठ आली. मग केसांचा भांग. भुवया. आणि मग, पाण्याखालून कुणी वर यावं तसा, माझा भाऊ आला. हनुवटीवरची खूण आली. नऊ वर्षांचा असताना मी त्याला व्हरांड्यातून ढकललं होतं, त्याची. तो हसत नव्हता. थकलेला, शांत, माझ्याकडे बघणारा. सहा वर्षांत मी त्याला पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून ‘सी’, हे त्याचं घरातलं नाव, एवढंच निघालं.

आणि केसांच्या रेषेतून काळं उतरू लागलं.

टिपकागदात शाई पसरावी तसं ते कपाळावरून आलं, डोळ्यांभोवती थबकलं, गालांवर पसरलं, हनुवटीवरची खूण झाकली. फक्त ओठांभोवती थांबलं. तिथे रुंद, पांढरी पट्टी राहिली.

“कागद जुना असेल,” मी म्हणालो.

“मग कॉलर बघा. पांढरीशुभ्र आहे. नऊ कागद झाले, प्रोफेसर. काळं होतं ते फक्त तोंड.”

मग मला तो वास आला. औषधांच्या वासाखालून, जळक्या बुचाचा. आणि आवाज… टक्. टक्-टक्. हाडावर हाड. सावकाश. अगदी जवळ.

“मिरवणूक परत आली?”

“मिरवणूक जाऊन तास झाला.”

“मग हे…”

“हे इथेच वाजतं. काच बाहेर काढली की.”

कंदिलाची ज्योत स्थिर होती. आवाजात गंमत नव्हती, ताल नव्हता. दार वाजवून वाजवून कंटाळलेला माणूस एका बोटाने वाजवत राहतो, तसा तो होता. त्याला राग आलेला होता. भावाचा राग मला लहानपणापासून ओळखता येतो.

“या काचेला तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“नेहमीचंच. आपल्या गिऱ्हाइकांना उजळ लागतं. काचेवर चेहऱ्याच्या जागी बारीक पेन्सिल फिरवली की कागदावर रंग दोन छटा उतरतो. चाळीस वर्षं करतोय.”

“त्याने सांगितलं होतं करायला?”

टक्. टक्.

“त्यांनी तर बजावलं होतं,” डेल्फ म्हणाले. “म्हणाले, मिस्टर डेल्फ, या तोंडाला आता कुणी काही लावायचं नाही. आहे तसं.”

“मग हात का लावलात?” मी ओरडलो. त्या एवढ्याशा खोलीत ते फार मोठं झालं. “सगळ्यांनी फासलं, तुम्हीही फासलंत? आपल्याच माणसाने?”

त्यांनी खिशातून एक कागद काढून कंदिलासमोर धरला. सुबक, वळणदार, मास्तरी अक्षर. माझं. ‘तेव्हा जरा उजळ काढावा, ही विनंती.’

चिपळ्या थांबल्या. मी वाचून संपवावं, म्हणून थांबल्यासारख्या.

“पेन्सिल पुसायला टर्पेंटाइन आहे?” मी विचारलं.

त्यांनी बाटली आणि फडक्यांचा गठ्ठा पुढे केला. स्वतः मागे सरले. काच मी हातात घेतली. कपाळापासून सुरुवात केली. पेन्सिलीचा थर तो किती, चिमूटभर धुळीएवढा. पण पहिलं फडकं काळं झालं. दुसरं झालं. तिसरं पिळलं, तर बोटांवरून काळं पाणी ओघळलं. मी थांबलो नाही. गाल पुसले, डोळ्यांच्या कडा पुसल्या, कानामागे पुसलं. काच हाताला कोमट लागत होती. पुरण्याआधी डेल्फनी पाच मिनिटं मागितली होती, ती मला आता मिळाली होती. अकरावं फडकं कोरं निघालं.

तो फोटो चांगला आला. काळा, आमच्या वडिलांसारखा गर्द काळा, आणि त्या काळ्यात एकेक रेष स्पष्ट. डेल्फनी तो वाळवून जाड कागदात बांधून दिला. जिन्यापर्यंत सोडायला आले, पण हात मिळवला नाही. माझ्या हातांकडे बघत राहिले.

मी बोटं स्टेशनवर धुतली, गाडीत धुतली, घरी आल्यावर गरम पाण्याने आणि साबणाने धुतली. तोंडही धुतलं. आरशात नीट पाहिलं. स्वच्छ होतं.

आई खिडकीशी वाट बघत होती. तिने फोटो डोळ्यांना जवळजवळ चिकटवला, उजेडाकडे वळवला, पुन्हा जवळ घेतला. मग तिचे खांदे खाली आले.

“हाच,” ती म्हणाली. “हाच माझा सी. कसा धुऊनपुसून बसलाय बघ.” ती बराच वेळ त्याच्याशी मनातल्या मनात बोलत राहिली. मग विचारलं, “लेम, पुरताना त्याचं तोंड धुतलं होतं ना रे?”

सत्तरीची बाई. दिसायचे थोडेच दिवस उरलेले.

“हो, आई,” मी म्हणालो. “नीट धुतलं होतं. डेल्फ स्वतः होते.”

तिने समाधानाने मान हलवली, आणि लहानपणी फिरवायची तसा माझ्या गालावरून हात फिरवला. अंगठा मध्येच थांबला. तिने तो दुसऱ्या बोटावर घासला. नाकाशी नेला. जळक्या बुचाचा वास आला. मला तो अंगठा दिसला. खिडकीच्या स्वच्छ उजेडात, पेरापर्यंत काळा.

बैठकीत दुसरं कुणी नव्हतं. तरी कुठेतरी, सावकाश, हाडावर हाड वाजलं.

“तू कधीपासून लावायला लागलास, बाळा?” आईने विचारलं.