हळद फासलेला चेहरा

शाहरुख खुर्चीवर टेकलाच नाही. खाजगी तपास करणाऱ्या धनश्रीच्या शिरूरच्या ऑफिसात तो दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता.

"ताई, नोकरी गेली तर दुसरी बघंन. पण लालरिना माझ्याशी बोलंना झालाय. त्याला वाटतंय, व्हिडिओतला त्यो मीच हाय."

लालरिना मिझोरामचा. सणसवाडीच्या कारखान्यात दोघं शेजारच्या मशीनवर होते. व्हिडिओची तक्रार आता कारखान्यात गेली होती.

धनश्रीने मोबाईल शंभूमामांपुढे धरला. एसटीतून निवृत्त झालेले मामा आता तिची गाडी चालवत आणि तपासात लुडबुड करत. पडद्यावर तोंडाला हळद फासलेला, चिकटपट्टीने डोळे ताणलेला एकजण फुललेल्या झेंडूत वाकडंतिकडं नाचत, 'चिंगचांग' करत होता. सावली त्याच्या पायाशीच होती. सरीतून पाणी खळाळत होतं. कॅमेरा मागे धावत होता आणि कॅमेऱ्यामागे कुणीतरी खिदळत होतं.

"हा आयुष हसतोय," शाहरुख म्हणाला. "मी त्याच्या आन् सुदर्शनच्या कॉमेडी चॅनेलात हुतो. असलं करायला न्हाई म्हणालो आन् सोडलं."

चॅनेलचा मालक, आता शिरूरात राहणारा सुदर्शन बेफिकीर होता. "ह्याच सोमवारी दुपारी शूट केलं, केंदूरला, कोंडिबा आबांच्या वावरात. शाहरुखला सुट्टी हुती. काम त्यानं केलं, कॅमेरा आयुषनं धरला. मी दौंडला हुतो. आम्ही तिघंच तर हाय. आन् एवढं चिडायचं काय? कॉमेडी हाय."

आयुषने मान वर केली नाही. "दादा म्हणतोय तसंच."

केंदूरला कोंडिबा आबा तांबारल्या डोळ्यांनी जांभया देत होते. "सोमवारपासनं रातची लाईट हाय, बाई. दिवसा मोटार बंद. रातभर पाण्याची दारं धरतोय."

"आणि गेल्या आठवड्यात?"

"दिवसाची हुती. तवाच झेंडूला पहिली फुलं आली."

"पाणी टाकीतनं?"

"कुठली टाकी! विहिरीतनं थेट सरीत."

परतताना मामा कुरकुरले, "आबाच्या झोपेशी आपला काय संबंध?"

धनश्री नुसती हसली आणि कारखान्यातून हजेरी मागवली. गेल्या आठवड्यात शाहरुखची सातही दिवस पहिली पाळी होती, सकाळी सात ते दुपारी तीन.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत शाहरुख, लालरिना, सुदर्शन आणि आयुष चौघेही समोर होते.

"सावली पायाशी, म्हणजे भर दुपार," धनश्री म्हणाली. "सरीत पाणी, म्हणजे मोटार चालू. या सोमवारी दुपारी तिथं लाईटच नव्हती. आणि फुलं गेल्या आठवड्याच्या आधी नव्हती. म्हणजे शूट गेल्याच आठवड्यातलं. तेव्हा रोज दुपारी शाहरुख मशीनवर होता, अंगठ्याची नोंद आहे. चॅनेलचे तिघे. शाहरुख नव्हता. आयुष कॅमेऱ्यामागे हसतोय. मग हळदीखाली कोण?"

सुदर्शनने खुर्ची मागे सरकवली.

"तुम्ही शेतकऱ्याच्याच घरचे," ती म्हणाली, "पण शिरूरला राहायला आल्यापासून लाईटीची पाळी लक्षात ठेवायची गरजच पडली नाही. शाहरुखची सुट्टी पाहिली आणि सोमवार सांगितला."

"दादा, बास कर," आयुष फुटला. "तक्रार झाल्यावर तूच म्हणालास, शाहरुखवर ढकलू, त्यो तसाबी सोडून गेलाय."

मामांनी सुटकेचा श्वास सोडला. लालरिना मात्र शाहरुखकडेच बघत होता.

"तूने देखा था ना वो?" त्याने हळूच विचारलं. "हँसा था?"

खोटं बोलायला आता काहीच अडचण नव्हती.

"हाँ," तो म्हणाला. "पहली बार."

लालरिना उठला, मशीनकडे निघाला, आणि दारात थांबला. शाहरुख बरोबर येतोय का, हे बघायला.