उस्तादांचं मशीन

माझा भाचा खोटं बोलत नाही. बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात. लहानपणापासूनचं आहे ते. ही हकिकत तो मला सांगत होता तेव्हा मी त्याच्या कानांकडेच बघत होतो. म्हणून तुम्हाला सांगतो. ती खिडकी तेवढी ओढून घ्या, वारा येतोय.

गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. घरातले नव्हेत, दवाखान्यांचे, कारखान्यांचे, मोठाले. त्या आठवड्यात त्याला धड झोप नव्हती. कुठे ना कुठे काहीतरी बंद पडत होतं. जरा ताटावर बसला, तर हॉस्पिटलमधून फोन.

बायको म्हणाली, "त्या यंत्रांशीच लग्न करायचं होतं."

"तुझं स्थळ आधी आलं," असं म्हणून त्यानं हात धुतले आणि स्कूटर काढली.

हॉस्पिटलच्या तळघरात लोखंडी रॅकमध्ये एक जुना सर्व्हर होता. पेशंटांचे सगळे एक्स-रे, स्कॅन त्याच्या पोटात. नवीन घ्यायचं ठरून वर्ष झालं होतं. ठरलं होतं, एवढंच. त्या संध्याकाळी विजेचं काम निघालं म्हणून तो बंद केला, आणि पुन्हा चालू करायला गेले तर उठेना.

रात्रपाळीची सिस्टर दारातच वाट बघत होती.

"दादा, किती वेळ लागेल?"

"आधी पेशंट तर बघू द्या."

"पेशंट वर आहे," ती म्हणाली. हसली नाही.

जिन्याच्या पायरीवर एक माणूस बसला होता. त्याच्या बायकोच्या डोक्याचं ऑपरेशन सकाळी व्हायचं होतं. एकदा आधी झालेलं. तेव्हाचे फोटो डोळ्यांखालून घातल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते, आणि तिच्याकडे थांबण्याइतका वेळ नव्हता. ते फोटो खाली, त्या बंद सर्व्हरमध्ये. भाच्याला बघून तो माणूस नुसता उठून उभा राहिला. काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. भाचा म्हणाला, मामा, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सिस्टरनं तळघर उघडून दिलं आणि ती वॉर्डात परतली.

तो सर्व्हर खरं म्हणजे उस्तादांचा. भाच्याला हा धंदा शिकवला तो उस्तादांनी. त्यांनी ते मशीन पोटच्या पोरासारखं सांभाळलं, आणि त्याआधीच्या पावसाळ्यात ते गेले. तेव्हापासून त्याच्याकडे मायेनं बघणारं कुणी नव्हतं.

भाच्यानं बटण दाबलं. पंखे गरगरले. पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि थांबली. चालू व्हायला लागणारी डिस्क सापडत नाही, म्हणे.

आत सहा डिस्का होत्या, एकमेकींच्या आधारानं चालणाऱ्या. एक गेली तर बाकीच्या ओझं वाहतात. दोन गेल्या की सगळंच बसतं. एकीवर पिवळा दिवा होता. ती केव्हाच मेली होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसरी, पडद्याच्या म्हणण्याप्रमाणे, तीन नंबरची. वर्षानुवर्षं न थांबता फिरणारी डिस्क एकदा थांबली, गार झाली, की आत चिकटून बसते. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे बसतात ना, तसं.

त्यावर उस्तादांचा एक उपाय होता. डिस्क काढायची, टॉवेलात गुंडाळायची आणि मांडीवर घेऊन बसायचं. अंगाच्या उबेनं सुटते कधीकधी. लोक हसायचे. उस्ताद म्हणायचे, "हसा लेको, पण हळू हसा. झोपलीय ती."

भाच्यानं बोटानं मोजलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या डिस्कची कडी धरली आणि ओढली.

हलेना.

पुन्हा ओढली. कडी मोकळी होती, तरी डिस्क येईना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. त्यानं पाय रॅकला लावला, आणि मागे...

खोकला.

बारीक, कोरडा. घसा साफ करून माणूस चूक दाखवायच्या आधी खोकतो, तसा.

भाचा वळला. कुणी नाही. दार बंद.

त्याचा हात कडीवरून निसटला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्या मशीनमध्ये मोजणी शून्यापासून असते. पहिली डिस्क म्हणजे शून्य नंबर. तीन नंबरची म्हणजे चौथी. धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तो धडधाकट डिस्क उपटायला निघाला होता. ती निघाली असती, तर मशीननं तिलाही परकी ठरवलं असतं, आणि मग तो गुंता सकाळपर्यंत काही सुटला नसता.

त्यानं चौथी धरली. लोण्यातून सुरी यावी तशी बाहेर आली. गार. मुकी.

टॉवेल नव्हता. अंगातला स्वेटर काढून त्यात ती गुंडाळली, मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसला. समोर भिंतीशी एक मोडकी खुर्ची होती. बाकी काही नाही. पंख्यांचा आवाज एकसुरी. पापण्या जड...

झोपायचं नाही, झोपायचं नाही, म्हणता म्हणता...

झोपेत त्याला आवाज आला. हळू. समजूत घालणारा.

"ऊठ... ऊठ बाबा... पुष्कळ झालं..."

डोळे उघडले.

मांडी रिकामी.

भिंतीशी असलेली ती मोडकी खुर्ची त्याच्या पुढ्यात आली होती. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिच्यावर स्वेटर. नीट घडी घालून. घडीत डिस्क.

तो हलला नाही.

खुर्ची करकरली. माणूस उठल्यावर करकरते, तशी.

मग काही नाही.

भाच्यानं हात पुढे केला. डिस्क गरम होती.

त्यानं ती चौथ्या खाचेत सरकवली. बटण दाबलं. आतून एक बारीक थरथर आली, मग फिरण्याचा आवाज. पडद्यानं विचारलं, ही डिस्क परकी दिसते, हिच्यावरचं ठेवू का पुसू? भाच्यानं दोनदा वाचलं. ठेव, म्हणून सांगितलं. बराच वेळ पडदा काळाच. आणि मग एकामागून एक दिवे हिरवे झाले.

पायरीवरच्या माणसाला सिस्टरनंच सांगितलं. भाचा मागच्या दारानं निघून गेला. कुणाशी बोलायचं त्राण नव्हतं त्याच्यात. सकाळी ऑपरेशन झालं, ती बाई बरी आहे. परवा हॉस्पिटलात दाखवायला आली होती म्हणे, स्वतःच्या पायांनी.

त्या रात्रीनंतर मात्र साहेब लोक जागे झाले. नवीन सर्व्हर आला, सगळं त्यात हलवलं, जुना भंगारात काढला. भाच्यानं ती एक डिस्क मागून घेतली आणि उस्तादांच्या बायकोकडे नेऊन दिली. काय झालं, कसं झालं, काही सांगितलं नाही. "काकू, काकांच्या मशीनमधली आहे. आठवण म्हणून," एवढंच.

काकूंनी ती दोन्ही हातांत घेतली. तळव्यांत फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "आत्ताच काढलीस का रे?"

त्या डिस्कची वीज तोडून आठवडा झाला होता.

मागच्या महिन्यात मी काकूंना भेटायला गेलो होतो. थंडी होती. डिस्क त्यांच्या उशाशी होती, मऊ फडक्यावर. काकू चहा करायला आत गेल्या तेव्हा मी हळूच तिच्यावर तळवा ठेवला.

कोमट आहे. अजून.