रिकाम्या खोलीतून आलेला फोन

"बाई, काल तिसऱ्यांदा रुग्णवाहिका आली नि रिकामी परत गेली!" कचेरीतली टेलिफोन ऑपरेटर वहिनींसमोर रडकुंडीला आली होती. "फोन म्हणे तिसऱ्या मजल्यावरच्या दप्तरखोलीतून. खोलीला कुलूप, किल्ली एकट्या माझ्याकडे. साहेब म्हणतात, उद्यापासून येऊ नका."

"भूत!" भावोजींनी निकाल लावून टाकला.

"भावोजी, चपला घाला," वहिनी म्हणाल्या. शोध घ्यायचा वहिनींनी आणि चुकायचं धाकट्या दिराने, अशी त्यांची वाटणीच होती.

कचेरीच्या तळमजल्यावर कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर होतं. "हळू बोला!" आया भावोजींवर खेकसली. "चारच्या दुधाआधी कुणी उठलं तर तुम्हीच सांभाळा." खालच्या फळीवर खुळखुळे, बाहुली, फोन, सगळं एकत्र.

दप्तरखोलीच्या टेबलावर धुळीत नुसता एक स्वच्छ चौकोन.

"भूत फोनसकट पळालं," भावोजी पुटपुटले.

फोनचा मिस्त्री तावातावाने म्हणाला, "माझी चाचणी चोख आहे! लाल बटण दाबलं की थेट मदत केंद्र. प्रत्येक फोनवरून लावून पाहिलं, केंद्राच्या पडद्यावर मजला, खोली बरोबर उमटली."

"कधी पाहिलंत?"

"कचेरीच्या रंगकामाच्या आधी."

साहेबांनी केंद्राकडचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. आधी श्वास. मग चप्-चप् असा ओला आवाज. तिन्ही वेळा, चारच्या सुमाराला. "ऑपरेटरबाईंचं नाटक, दुसरं काय!"

वहिनी हसल्या. "पावणेचार झालेत. चला पाळणाघरात."

आया दूध गरम करायला वळली मात्र, दीड वर्षांची एक ठमी फळीशी रांगत गेली. अंगठा तोंडात, दुसरा हात लाल बटणावर!

"अरेच्चा!" साहेब ओरडले. "ही तर आमची लेक!"

वहिनींनी रिसीव्हर घेऊन केंद्राची माफी मागितली. "रंगकामात सामान हललं, तेव्हा दप्तरखोलीतला फोन इथं येऊन जोडला गेला. केंद्राला दिसणारा पत्ता फोनबरोबर नोंदलेला असतो. फोन हलला, नोंद कुणी बदलली नाही. साहेब, इथं खरंच एखाद्या लेकराच्या घशात काही अडकलं असतं, तर गाडीवाले वर बंद दार ठोठावत बसले असते."

साहेबांनी लेकीला उचलून घट्ट धरलं. "ऑपरेटरबाई, चुकलो. उद्या या. रोज या."

मिस्त्रीने मान खाली घालून नोंद बदलली, फोन वरच्या फळीवर ठेवला. केंद्राला आधी कळवून ऑपरेटरने चाचणीचा फोन लावला.

"तळमजला, पाळणाघर. बरोबर?" केंद्रातून विचारणा झाली.

ती उत्तर देणार, तोच साहेबांच्या कडेवरून ठमीने रिसीव्हरमध्ये तोंड घातलं.

"हो!"