सांजेची साद

"केवड्याच्या पानाला काट्याची गं धार,
लेक माझी उन्हात, भाकर झाली गार..."

बांधावर उभं राहून, एका हातानं डोक्यावरचा पदर सावरत घातलेली ती हाक केतकी गुंजाळच्या कानात अजून तशीच होती. चिंचेखाली खेळणारी केतकी हाक ऐकून मुद्दाम लपायची. मग हाक आणखी लांबट, आणखी गोड व्हायची.

हाक घालणाऱ्या बाईला केतकी 'काकू' म्हणायची. ती तिची सख्खी आई. पण अकोल्याजवळच्या त्या मोठ्या एकत्र घरात ती थोरल्या चुलतभावंडांची काकू होती, आणि त्यांच्या मागं मागं बोलायला शिकलेल्या केतकीचीही काकूच झाली. कुणी ते दुरुस्त केलं नाही. काकूनंही नाही.

आता केतकीचे केस कानाशी पांढरे होऊ लागले होते, आणि दुसऱ्यांच्या आयांच्या हाका ऐकणं हाच तिचा धंदा झाला होता. राज्यातल्या वृद्धनिवासांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या नाशिकच्या कचेरीत ती वेध-विश्लेषक होती. तक्रार येण्याआधी दुखणं ओळखायचं, हे तिचं काम. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत; जिच्याविरुद्ध करायची तीच सकाळी चहा देणार असते.

म्हणून निवासातल्या प्रत्येक खोलीत भिंतीवर बांगडीएवढी एक चकती बसवलेली असे. तिला 'श्रवणी' म्हणत. श्रवणी शब्द ऐकत नसे. कायद्यानंच तिला शब्दांपुरतं बहिरं ठेवलं होतं. ती फक्त सूर टिपायची. कण्हणं, घासत चालणारी पावलं, झोपेतला श्वास, हाक मारल्यापासून कुणी येईपर्यंतची शांतता. या सगळ्याचे आलेख केतकीच्या पडद्यावर उमटत. त्यांना ती किराण्याच्या खरेदीशी, सेविकांच्या हजेरीशी ताडून बघे, आणि कुठं काही खटकलं की अंमलबजावणी अधिकारी ढवळे यांच्या टेबलाशी जाऊन उभी राही.

"शेवंती निवास," ती त्या दिवशी म्हणाली.

ढवळ्यांनी पडदा पाहिला. "मॅडम, इथं तर सगळं हिरवंगार आहे. माणसं जेवतायत, झोपेच्या गोळ्या कमी झाल्यात, पडापडी नाही. गुन्हा कुठला लावू? भाकरी जास्त खपते म्हणून?"

"पावसाळ्यापर्यंत तिथली माणसं ताटं परत पाठवत होती. सेविका तेवढ्याच, स्वयंपाकीण तीच. मग झालं काय? हे बघा, रोज दिवेलागणीला एकेका खोलीत कुणीतरी बोलतं, आणि बोलून झालं की त्या माणसाचा श्वास संथ होतो. लेकराला कुशीत घेतल्यावर होतो ना, तसा."

"मुलांचे फोन येत असतील."

"निवासात फोन किती आले तेवढं आपल्याला कळतं. संध्याकाळी एकही नाही. भेटायलाही कुणी येत नाही."

ढवळ्यांनी चष्मा काढला. "मग बोलतं कोण?"

शेवंतीकडं निघालेली गाडी सिन्नरच्या पुढं माळावर चढली. शंका दोघांनाही एकच होती. कुणाचाही आवाज त्याच्या संमतीवाचून यंत्राच्या तोंडी घालणं हा गुन्हा होता. यंत्र जप्त, आणि बहुतेकदा निवासाचा परवानाही रद्द. मग तिथली माणसं कुठं जागा असेल तिकडं वाटली जात. अशा वाटणीनंतर कितीजण वर्ष काढतात, याचा आलेख केतकीनंच एकदा मांडला होता. पुन्हा तो तिनं उघडून बघितला नव्हता.

"माझ्या आईला आला होता तसला फोन," ढवळे म्हणाले. "हुबेहूब माझा आवाज. म्हणे, आई, घाबरू नकोस, मी दवाखान्यात आहे. मी तिच्या शेजारीच मटार सोलत बसलेलो, म्हणून वाचलो."

"मी काकूला खूण सांगून ठेवलीय," केतकी म्हणाली. "माझ्या आवाजात कुणी 'आई' म्हणालं, की फोन ठेवून द्यायचा. ती मी नाही."

"मग? काय म्हणाल्या?"

"हसली. म्हणाली, बरं हो, ठेवीन." केतकी खिडकीबाहेर बघू लागली. ते हसू थोडं उशिरा आलं होतं, हे तिला आज पहिल्यांदाच आठवलं.

शेवंतीच्या व्यवस्थापिका देवकर बाईंनी काहीच लपवलं नाही. जणू कुणीतरी विचारायला येईल म्हणून त्या वाटच बघत होत्या. प्रत्येकाच्या उशाशी त्यांनी लाकडी डबीसारखं एक यंत्र ठेवलं होतं. नाव 'साद'. मुलांनी कधीकाळी आईबापांच्या फोनवर पाठवलेले आवाजी निरोप त्यात घातले, की साद त्या मुलाच्या आवाजात बोलू लागायची. निरोपांतून ती फक्त सूर घ्यायची; नातं, 'आई' की 'बाबा', देवकर बाई भरत.

"मुलांना विचारलं होतं?" ढवळ्यांनी विचारलं.

"पत्रं टाकली होती. उत्तर आलं नाही." देवकर बाईंचे डोळे भरून आले. "साहेब, पाटलांच्या आजोबांनी पाणीसुद्धा सोडलं होतं. भरवायला जावं तर तोंड फिरवायचे. मुलाचा आवाज म्हणाला, बाबा, दोन घास खा... आणि खाल्ले हो! मला काय करायचं ते करा. पण यंत्रं आज नका नेऊ. आज नेलीत तर उद्या मी या ताटांकडं कशी बघू?"

ढवळे जप्तीची मोहोर हातात घेऊन नुसते उभे राहिले. "मॅडम, कायदा स्पष्ट आहे," ते केतकीला म्हणाले, पण आवाज विचारल्यासारखा होता. "तुम्ही लिहाल तसं मी करीन."

"आधी एक साद ऐकू द्या."

कोपऱ्यातल्या खोलीत शालनबाई कदम नावाच्या आजी राहत. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर ठसठशीत गोंदण. केतकीची ओळख करून दिली तशी त्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"सरकारी आहेस व्हय? मग बस. आमच्याकडं सरकार उभंच असतं नेहमी."

केतकी हसून पलंगाच्या कडेला टेकली. तेवढ्यात डबीवरचा दिवा लागला.

"आई, जेवलीस का गं?"

पुरुषाचा आवाज, भरदार, किंचित दमलेला. शालनबाईंचा चेहरा उजळला. "अजून दिवा नाही लावला रे, जेवते कशाची? मेथी आहे आज. तू?"

"माझं होईल. आई, गुडघा कसा आहे?"

गुडघ्याचं झालं, मेथीचं झालं, खिडकीत येणाऱ्या साळुंकीचं झालं. आवाज घाई करत नव्हता. विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. शेवटी "येतो आई, उद्या बोलू" म्हणून दिवा विझला.

केतकीची नजर वर गेली. भिंतीवर एक जुना फोटो होता. ओसरीभर माणसं, आणि मधोमध तरण्या शालनबाई, कडेवर मूल.

"मोठं घर होतं तुमचं."

"पाच दीर. सगळे वहिनी, वहिनी करत मागं. हा रवी बोलायला लागला, तोही मला वहिनीच म्हणाला. सारं घर हसलं. तेच राहिलं मग." त्यांनी डबीवरची धूळ पदरानं पुसली. "आता तिकडं परदेशात असतो. दिवाळीला फोन करतो. वहिनी, बरी आहेस ना, म्हणतो आणि ठेवतो."

केतकीनं फोटोवरून नजर काढली. ती डबीकडं बघत राहिली. "आजी, मग हा..."

"हा आई म्हणतो." शालनबाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं पोरी, हा रवी नव्हे. माझ्या रवीनं जन्मात मला आई म्हटलं नाही."

"कळलं होतं, तर बोललात का नाही?"

"काय बोलू? देवकर बाईनं एवढा जीव लावून आणलं, तिला खोटी पाडू? आणि..." त्या थांबल्या. दाराबाहेर ढवळे उभे होते, त्यांच्याकडं पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "चार भिंतीत का होईना, कुणी आई म्हणतंय. कान म्हातारे झाले, तरी तेवढ्या शब्दाचे उपाशीच होते गं. रवीला सांगायला हवं होतं मी. म्हण रे मला आई, म्हणून. पण ते काय मागून घ्यायचं असतं?"

"बाकीच्यांना ठाऊक आहे, ही मुलं खरी नाहीत म्हणून?"

"कुणास ठाऊक. आम्ही एकमेकींना ते विचारत नाही."

 डबी उचलून मांडीवर घेत शालनबाई म्हणाल्या, "कायदा म्हणतो आवाज चोरीचा, तर रवीचा आवाज त्याला परत द्या. ह्याला ह्याचा स्वतःचा आवाज द्या. स्वतःचं नाव द्या. आणि विचारा, म्हातारीला आई म्हणशील का? म्हणाला तर मी जेवीन."

केतकीनं अहवाल गाडीतच बोलून लिहवून घेतला. उल्लंघन लिहिलं, एक शब्दही सौम्य न करता. आलेखही जोडले. खाली शिफारशी घातल्या. उसने आवाज काढावेत, हे उघडपणे रहिवाशांना सांगावं, साद ज्याला हवी त्याच्याकडं तिच्या स्वतःच्या आवाजात राहू द्यावी, मुलांना प्राधिकरणानं स्वतः फोन करावा, आणि हे होईपर्यंत परवान्याला हात लावू नये. वरिष्ठ मानतील की नाही, तिला सांगता येत नव्हतं. खरं कळल्यावर पाटील आजोबा पुन्हा तोंड फिरवतील का, हेही नाही. ढवळ्यांनी मोहोर पिशवीत टाकली. "पाहिलं नाही, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण पाहिलं तेवढं लिहायला मला जरा वेळ लागेल. चहा घेऊन येतो."

ते टपरीकडं गेले. माळावर संधिप्रकाश पसरला होता. केतकीनं फोन लावला.

"हं, कोण?" पलीकडून तोच आवाज, आता थोडा कापरा. मागं कुकरची शिट्टी.

तिच्या ओठांवर सवयीनं 'काकू' आलं. तिनं ते गिळलं.

"आई," ती म्हणाली.

पलीकडं सगळं थांबलं. कुकरसुद्धा. ठरल्याप्रमाणे आता फोन ठेवला जायला हवा होता. केतकी डोळे मिटून फोन ठेवल्याच्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही. फक्त श्वास ऐकू येत होता, आणि शब्दांना बहिऱ्या असलेल्या श्रवणीलाही तो कळला असता.

"माझ्या केतकीनं सांगितलंय," अखेर काकू सावकाश म्हणाली, "असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून दे. ती मी नाही."

"मीच आहे गं. खरंच मी आहे."

"काय की बाई. तसं तर सगळेच म्हणतात." आवाज आणखी बारीक झाला, बांधावरून मारलेली हाक दूर जाताना होते तसा. "खरी अस, खोटी अस... पुन्हा एकदा म्हणतेस का?"